चहाची परीक्षा आणि चहाचा आस्वाद

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानाची हकीकत मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी तेथे व्याख्यानास गेली. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली आणि ग्रामण्य उभे राहून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. या प्रकरणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. चहा कोणी दिला, कोणी घेतला, प्रायश्चित्त कोणी केले व कोणी टाळले, या सर्व प्रश्नांचा खल झाला. परंतु तो चहा कसा होता, हा प्रश्न कोणास पडल्याचे निदान आमच्या तरी वाचनात नाही.

हे उदाहरण आम्ही विनोदासाठी दिलेले नाही. चहा प्यावा की पिऊ नये, यावर आमच्याकडे दोन पिढ्या वाद चालला. तो परका आहे, उष्ण आहे, भूक मारणारा आहे, असे आक्षेप घेणारे घेत राहिले आणि चहा मात्र ओटीवरून निघून थेट माजघरात जाऊन बसला. आज आल्यागेल्याचे स्वागत त्याच्यावाचून होत नाही व सोयरिकीची बोलणी त्याच्यावाचून सुरू होत नाहीत. इतका हा परिचित पदार्थ. परंतु त्याच्या गुणदोषांची चर्चा करण्याचा प्रसंग आला की आमची जीभ अडते. दोष सांगावयाचे झाल्यास स्वयंपाकघरातून काही शब्द उसने मिळतात. करपट, धुरकट, कोंदट, पाणचट, मचूळ, उग्र असे ते शब्द असून ते फार नेमके आहेत. गुण सांगावयाचा झाला म्हणजे ‘छान’, ‘कडक’ आणि ‘फक्कड’ एवढ्यावर कोश संपतो. त्यातच पुढे आलेल्या कपास नाव ठेवू नये, असा आपल्या मध्यम स्थितीतील घरांचा अलिखित नियम आहे. नियम सौजन्याचा आहे आणि तो मोडावा असे आमचे म्हणणे नाही. तथापि जेथे उणीव कधीच बोलून दाखविली जात नाही, तेथे केलेली स्तुतीही हळूहळू पोकळ होत जाते, हे वाङ्मयाच्या व्यवहारात आपण पाहिलेच आहे.

इतर देशांत चहावर स्वतंत्र वाङ्मय आहे. त्यापैकी तीन प्रसिद्ध लेखन आणि एक अगदी रूक्ष सरकारी वळणाचा कागद अशी चार प्रकरणे आम्ही अलीकडे पुन्हा वाचली. वाचताना एक प्रश्न सतत मनात होता: चहाची परीक्षा करणे आणि चहाचा आस्वाद घेणे ही दोन कामे एकच आहेत काय? एकच असतील तर सर्वोत्तम परीक्षक हाच सर्वोत्तम रसिक ठरावा. भिन्न असतील तर एकाच्या मापाने दुसऱ्यास मोजणाऱ्याच्या हातून अन्याय घडणार. या कसोटीवर चारही लेखनांचा विचार करण्याचे योजिले आहे.

आद्य ग्रंथ अर्थातच लू यू याचा. आठव्या शतकात थांग राजवटीत होऊन गेलेला हा लेखक लहानपणी अनाथ होता व बौद्ध मठात वाढला. भिक्षू होण्याचे नाकारून तो मठातून पळाला आणि काही काळ नाटकमंडळीत विदूषकाचे काम करीत होता. अशा मनुष्याच्या हातून चहावरील पहिले शास्त्र लिहिले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण त्याच्या ‘छा चिंग’ या ग्रंथात मठातील शिस्त आणि रंगभूमीवरील दृष्टी ही दोन्ही आहेत. ग्रंथ लहानसाच, तीन खंडांचा व दहा प्रकरणांचा. झाडाची उत्पत्ती, पाने खुडण्याची साधने, चहा तयार करण्याची रीत, भांडी, उकळणे, पिणे, पूर्वीच्या कथा, चहाचे प्रदेश, असा त्याचा क्रम आहे.

त्या काळी पाने वाफवून, कुटून त्यांच्या वड्या पाडीत. पिण्याच्या वेळी वडी विस्तवावर भाजावयाची, तिची पूड करावयाची, चाळावयाची आणि मग ती उकळत्या पाण्यात सोडावयाची, असा खटाटोप असे. सुट्या पानांचा चहाही लू यूस ठाऊक होता. परंतु त्याचे शास्त्र आहे ते वडीच्या चहाचे. म्हणून त्याची कृती आज कोणी जशीच्या तशी करणार नाही. तरी त्याचे पाण्याविषयीचे विवेचन अद्याप शिळे झालेले नाही. डोंगरातले पाणी उत्तम, नदीचे मध्यम, विहिरीचे कनिष्ठ, अशी त्याने प्रतवारी लाविली. आपल्याकडील गृहिणीला याचे कारण वेगळे सांगावयास नको. ज्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात चहाही खुलत नाही. त्याचा रंग काळवंडतो व वर तवंग धरतो. आधणाच्या तीन अवस्थाही लू यूने सांगितल्या आहेत. पहिलीत माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आणि बारीक आवाज, दुसरीत भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरीसारखे वर येणारे बुडबुडे, तिसरीत लाटा. त्यापुढे पाणी ‘म्हातारे’ झाले, ते पिण्यास योग्य नाही, असा त्याचा निर्णय. उष्णतामापक यंत्र नसलेल्या काळात डोळ्यांनी व कानांनी पाण्याची उष्णता मोजण्याची ही युक्ती आजही उपयोगी पडते.

लू यू केवळ रीत सांगून थांबत नाही. तो निवाडाही देतो. यूए प्रांतीच्या चिनी मातीच्या वाटीस तो शिंग प्रांतीच्या वाटीहून श्रेष्ठ ठरवितो, आणि कारण देतो ते हे की पहिल्या वाटीत चहाचा हिरवा रंग खुलतो. येथे त्याच्यातील परीक्षक थोडा मागे सरतो व रसिक पुढे येतो. परीक्षकाला रंग आहे तसा दिसावयास हवा. रसिकाला तो खुललेला हवा. हा भेद त्याच्या ध्यानात आला असावा असे वाटत नाही. म्हणूनच चहात कांदा, आले, संत्र्याची साल, पुदिना घालून उकळणाऱ्यांवर तो तुटून पडतो आणि असला चहा गटारात ओतून देण्याच्या लायकीचा ठरवितो.

तारुण्याच्या उत्साहात हा उतारा आम्ही आमच्या एका आत्याबाईंना ऐकविला होता. त्यांच्या पातेल्यात आले तर नित्याचेच, पावसाळ्यात गवती चहाही असे. त्यांनी शांतपणे विचारले, “अरे, मग तुझे ते चिनी शास्त्रीबोवा स्वतः चहात काहीच घालीत नव्हते का?” आम्हांस सांगणे प्राप्त झाले की पहिल्या उकळीस ते चिमूटभर मीठ घालीत. “मीठ घालणाऱ्याने आल्याला नाव ठेवावे, हे बरे शास्त्र!” असे म्हणून आत्याबाई आपल्या कामास लागल्या. लू यूवरील टीकावाङ्मय आम्ही पुढे बरेच पाहिले, परंतु त्याच्या ग्रंथातील वर्मावर इतके अचूक बोट दुसऱ्या कोणी ठेवल्याचे आढळले नाही. आपल्या सवयीला शास्त्र म्हणावे व दुसऱ्याच्या सवयीला भ्रष्टता, ही चूक थोर ग्रंथकाराकडूनही होते.

मात्र त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवव्या प्रकरणात तो काय काय वगळले तरी चालेल हे सांगतो. रानात, झऱ्याकाठी, दगडावर बसून चहा करावयाचा असेल तर निम्मी भांडी नसली तरी अडत नाही. शहरात, मोठ्या घरी मात्र चोवीस उपकरणांपैकी एकही उणे पडता कामा नये. स्थळ व प्रसंग बदलला की नियम बदलतो, हे या प्रकरणात त्याला दिसले होते. हीच दृष्टी त्याने आल्याच्या बाबतीत दाखविली असती तर त्याचा ग्रंथ अधिक निर्दोष झाला असता.

दुसरे लेखन ओकाकुरा काकुझो यांचे. १९०६ साली प्रसिद्ध झालेले ‘द बुक ऑफ टी’ हे पुस्तक त्यांनी इंग्रजीत व मुख्यतः पाश्चात्त्य वाचकांसाठी लिहिले. ओकाकुरा आपणांस अगदीच अपरिचित नाहीत. १९०१-०२ साली ते हिंदुस्थानात आले होते, कलकत्त्यास विवेकानंद व ठाकूर मंडळी यांच्या सहवासात राहिले होते, आणि त्यांच्या ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’ या ग्रंथास भगिनी निवेदितांची प्रस्तावना आहे. चहावरील त्यांच्या पुस्तकात सात प्रकरणे आहेत. त्यांत चहाचे संप्रदाय आहेत, ताओ व झेन मतांचे विवेचन आहे, चहाची खोली आहे, कलेचा आस्वाद आहे, फुले आहेत, आणि शेवटी सोळाव्या शतकातील चहागुरू रिक्यू याच्या अंतकाळच्या चहापानाचे हृदयस्पर्शी वर्णन आहे. भाषा अत्यंत रमणीय. परंतु सबंध पुस्तक संपवून वाचक खाली ठेवतो तेव्हा त्याच्या लक्षात येते की चहाची चव कशी असते, हे त्यास जवळजवळ कळलेले नाही. कोणते पान, किती पाणी, किती वेळ, उत्तम व मध्यम यांत भेद कोणता, याविषयी ग्रंथकार फारसे बोलतच नाहीत. आस्वादाचा हा असा प्रकार आहे की ज्यात आस्वाद्य वस्तू निमित्तमात्र राहते. आमच्याकडील काही काव्यसमीक्षा वाचताना हाच अनुभव येतो: टीकाकाराच्या चित्तवृत्ती सर्व कळतात, कविता तेवढी कळत नाही.

तरीसुद्धा या पुस्तकात एक विचार असा आहे की ज्यासाठी ते वाचलेच पाहिजे. ओकाकुरा चहाचे तीन युग मानतात. थांग काळी वडी उकळीत. सुंग काळी पूड गरम पाण्यात बांबूच्या कुंचल्याने फेटीत. मिंग काळी सुटी पाने आधणात भिजवू लागले. ही केवळ कृतीची तीन रूपे नसून तीन काळांच्या तीन मनोवृत्ती आहेत, असे ते म्हणतात आणि वाङ्मयातील संप्रदायांशी त्यांची तुलना करतात. १३९१ साली मिंग सम्राटाने वडीच्या चहाची खंडणी बंद करून सुट्या पानांचा चहा मागविण्यास आरंभ केला, तेव्हापासून सुट्या पानांचे प्रस्थ वाढले व चहादाणीचा उत्कर्ष झाला, हा इतिहास पाहता त्यांच्या विचारास आधारही मिळतो. उकळलेला चहा, फेटलेला चहा व भिजविलेला चहा हे एकमेकांचे बिघडलेले अवतार नव्हेत. ते भिन्न प्रकार आहेत. नाटकास कादंबरीचे नियम लावू नयेत, तसेच हे आहे.

तिसरे लेखन अगदी निराळ्या तऱ्हेचे. जॉर्ज ऑर्वेल यांचा ‘अ नाइस कप ऑफ टी’ हा छोटा निबंध लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात १२ जानेवारी १९४६ रोजी आला. ऑर्वेल यांचा जन्म बिहारमधील मोतीहारीचा, १९०३ सालचा. वडील अफूच्या खात्यात नोकरीस. बिहारची अफू चीनमध्ये विकून त्या पैशांनी चिनी चहा विकत घेण्याचा कंपनी सरकारच्या काळातील व्यापार इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. निबंध लिहिला गेला तेव्हा इंग्लंडात चहा शिधापत्रावर, माणशी आठवड्यास दोन औंस, मिळत होता. त्या टंचाईत बसून ऑर्वेल अकरा नियम सांगतात. चहा हिंदी किंवा सिलोनी असावा. चिनी मातीच्या वा साध्या मातीच्या चहादाणीत करावा. चहादाणी आधी ऊन करून घ्यावी. चहा कडक असावा. पाने पिशवीत वा गाळण्यात न कोंडता मोकळी सोडावी. चहादाणी किटलीजवळ न्यावी, किटली चहादाणीजवळ आणू नये, म्हणजे पाणी पानांवर पडतानाही उकळतेच राहील. साखर घालू नये. आणि दूध चहाच्या मागून घालावे.

यांतील पाने मोकळी सोडण्याचा आणि उकळत्या पाण्याचा असे दोन नियम काळ्या चहापुरते शंभर टक्के खरे आहेत. पान भिजून पसरावयास जागा लागते, आणि पाण्याची उष्णता कमी पडल्यास काळ्या चहातील जोर उतरत नाही. परंतु हेच उकळते पाणी जपानी हिरव्या चहावर ओतले तर तो कडू होतो. त्यास सत्तर-ऐंशी अंशांचे पाणी पुरते, व ‘ग्योकुरो’ या उंची प्रकारास तर त्याहून कमी. दूध आधी की मागून, या वादात २००३ साली, ऑर्वेल यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथील रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने दुधाच्या बाजूने कौल दिला. थंड दुधात चहा ओतल्यास दूध हळूहळू तापते. कढत चहात दूध ओतल्यास त्यातील प्रथिने चटकन बिघडतात, असे तिचे म्हणणे. म्हणजे ऑर्वेल यांचा सर्वांत आग्रही नियमच शास्त्रास मान्य झाला नाही. परंतु त्यामुळे निबंधाची गोडी उणावत नाही; कारण तो शास्त्र नव्हेच. एका मनुष्याची ती आवड आहे, व ती कायद्याच्या भाषेत सांगण्यात त्याला मौज वाटते आहे. वाचकाने तेवढे ओळखले म्हणजे झाले. जे ओळखत नाहीत ते असले नियम पाठ करतात आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन ते बोलून दाखवितात.

आता चौथा कागद. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० साली ३१०३ क्रमांकाचे एक मानक प्रसिद्ध केले. इंद्रियांनी करावयाच्या परीक्षेसाठी चहाचा अर्क तयार करण्याची रीत त्यात दिली आहे. शंभर मिलिलिटर पाण्यास दोन ग्रॅम पाने; पाणी नुकतेच उकळलेले; भांडे पांढऱ्या चिनी मातीचे, झाकणाचे, कडेस दाते असलेले; वेळ सहा मिनिटे. मग अर्क पांढऱ्या वाटीत ओतून घ्यावयाचा व भिजलेली पाने उलट्या झाकणावर काढून ठेवावयाची. याच्या इंग्रजी आवृत्तीस १९९९ साली एक विनोदी पारितोषिकही मिळाले. चहा करावयाला का मानक लागते, असे म्हणून लोक हसले. आमच्या मते हसणाऱ्यांनी ते नीट वाचले नव्हते. उत्तम चहा कसा करावा हे त्यात सांगितलेलेच नाही. घरी आपण दार्जिलिंगची पाने कपास जेमतेम दोन ग्रॅम घेतो व तीन मिनिटांत ओततो. मानकातील चहा त्याच्या जवळजवळ दुप्पट दाट व दुप्पट वेळ भिजलेला असतो. तो पिण्यासाठी नाहीच. दोष लपून राहू नये, आणि कलकत्त्यास व लंडनास केलेल्या दोन परीक्षा एकमेकींशी ताडून पाहता याव्या, एवढ्यासाठी तो आहे. चारही लेखनांत आपला हेतू व मर्यादा अगदी स्वच्छ सांगणारे लेखन हेच एक होय.

चहाचे व्यावसायिक परीक्षक ज्या रीतीने काम करतात ती याच वळणाची असते. लांब मेजावर भांड्यांच्या रांगा. प्रत्येकापुढे कोरडी पाने, भिजलेली पाने व अर्क असे तिन्ही मांडलेले. परीक्षक कोरडे पान हातावर घेऊन त्याची वळण पाहतो, भिजलेल्या पानांचा वास घेतो, ती घासलेल्या तांब्यासारखी उजळ आहेत की काळपट, हे पाहतो. मग चमच्याने अर्क घेऊन मोठा भुरका मारतो, तोंडात खेळवितो आणि थुंकून टाकतो. आपण मुलांना ज्याबद्दल रागावतो तो भुरका येथे शास्त्रोक्त आहे. अर्काबरोबर हवा आत गेल्याने त्याचा सुगंध घशामागून नाकापर्यंत पोहोचतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा बराच भाग मुळात वासच असतो.

परीक्षकांची परिभाषाही अभ्यासण्यासारखी आहे. जिभेस तरतरी आणणाऱ्या चहास ते ‘ब्रिस्क’ म्हणतात. तोंडात भरीव लागणाऱ्यास ‘बॉडी’ आहे म्हणतात. आसामच्या चहात भाजलेल्या सातूसारखी गोडस छटा असते तिलाही निराळे नाव आहे. दार्जिलिंगच्या मे-जून महिन्यांतील दुसऱ्या फुटव्यास मस्कत द्राक्षांची आठवण देणारा जो सुगंध येतो, त्यास ‘मस्कटेल’ म्हणतात. तुडतुड्यांनी कोवळी पाने शोषली म्हणजे झाड स्वसंरक्षणार्थ जी द्रव्ये निर्माण करते, त्यांचा या सुगंधात वाटा असतो. आंब्याच्या बागाइतदारास जो तुडतुडा वैऱ्यासारखा वाटतो, त्याच्याच जातभाईंनी चहाच्या मळ्यात ही करामत करून ठेवावी, हे नवल होय. या परिभाषेत एक उणीव मात्र दिसते. चहाचा आत्मा जो तुरटपणा, त्यास पाश्चात्त्य शास्त्र चवींत गणतच नाही; बहुतेक शास्त्रज्ञ त्याला स्पर्शाचा अनुभव मानतात. आपल्या वैद्यांनी मात्र कषाय हा सहा रसांपैकी एक मानला आहे. तेव्हा चहाविषयी बोलण्यास मराठी अगदीच दरिद्री आहे असे नव्हे. आवळा, हिरडा, कच्चे केळे व जांभूळ यांच्या तुरटपणांतील भेद ज्या जिभेला कळतात, तिला हे शास्त्र परके वाटू नये.

या सर्व वाचनानंतर आम्ही घरीच एक लहानसा प्रयोग करून पाहिला. दार्जिलिंगच्या दुसऱ्या फुटव्याची एकच पाने घेतली. एका भांड्यात मानकाप्रमाणे, दुसऱ्यात घरच्याप्रमाणे चहा केला. पहिला चहा घोटभरच घेववला. जिभेच्या कडा आखडल्या. परंतु त्या तुरटपणामागे एक किंचित करपट छटा स्पष्ट कळली, म्हणजे भट्टीत पाने वाळविताना आच थोडी अधिक झाली असावी. दुसरा चहा सोनेरी, हलका, सुवासिक. त्यात करपटपणाचा मागमूसही नव्हता. दोन्ही निर्णय खरे होते. पान किंचित सदोष होते, आणि चहा उत्तम झाला होता. त्यानंतर तीच पाने आम्ही दूध-साखर घालून पातेल्यात उकळली. सुगंध उडाला, अंग नव्हतेच; गोड दुधाचा फिकट काढा तेवढा उरला. उलट, वाण्याकडील नित्याची दाणेदार पूड नुसत्या पाण्यात भिजविली, तेव्हा तांबडाभडक व ओबडधोबड अर्क निघाला. तीच पूड दुधात उकळली तेव्हा मात्र घरात सर्वांनी कप पुढे केले.

याचे कारण सोपे आहे. पांढरा, हिरवा, ऊलाँग व काळा हे सारे चहा एकाच जातीच्या झाडाचे. भेद होतो तो खुडल्यानंतरच्या संस्कारांनी. काळ्या चहाची पाने कोमेजू देतात, वळतात, हवेत ठेवून तांबूस होऊ देतात व शेवटी भट्टीत वाळवितात. अखंड पानाच्या चहात हे संस्कार सावकाश होतात. दाणेदार चहा ज्या यंत्रावर होतो ते १९३० च्या सुमारास आसामात आले. चिरडणे, फाडणे व वळणे या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सीटीसी म्हणतात. त्यात पानांचे बारीक कण होऊन अर्क चटकन, गडद व जोरकस उतरतो. दुधातील केसिन हे द्रव्य चहातील तुरट द्रव्यांना बांधून त्यांची धार बोथट करते. तेव्हा दुधापुढे टिकावयास मुळातच धार तीव्र हवी. ती या दाणेदार पुडीत असते, आणि दार्जिलिंगच्या पानात नसते व नसावीच. लावणीच्या ठेक्यावर अभंग म्हणून पाहावा आणि अभंगच वाईट ठरवावा, तसा हा आमचा तिसरा पेला झाला होता.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते. परीक्षा व आस्वाद ही कामे भिन्न आहेत, आणि दोन्हींची गरज आहे. परीक्षक पानास जाणूनबुजून छळतो, कारण त्याला खोट शोधावयाची असते. रसिक त्यास सांभाळून घेतो, कारण त्याला गुण फुलवावयाचा असतो. चिनी ऊलाँग करणारे कुशल लोक लहानशा चहादाणीत मूठभर पाने घेऊन, काही सेकंदच पाणी ठेवून, तीच पाने सहा-सात वेळा भिजवितात. पहिल्या पाण्यात जे उतरत नाही ते चौथ्यात उतरते. चांगले पुस्तक पुन्हा वाचण्यातला संयम तो हाच. परंतु ज्याने कधी परीक्षा केलीच नाही त्याचा आस्वाद आंधळा राहतो. आणि ज्यास परीक्षेपलीकडे काही करता येत नाही त्याच्या वाट्याला जन्मभर तो थुंकून टाकावयाचा घोटच येतो. या दोहोंच्या आधी एक तिसरे कर्तव्य येते, ते म्हणजे पुढील वस्तू कोणत्या जातीची आहे व ती काय होऊ पाहते आहे, हे ओळखण्याचे. लू यू तेथे चुकला, ऑर्वेल यांनी ते करण्याचे नाकारले, ओकाकुरांनी ते उत्तम केले पण पेला तोंडास लावला नाही.

या दृष्टीने पाहता आमचा उकळलेला, आले घातलेला, दुधासाखरेचा चहा हा दार्जिलिंगचा अपभ्रंश नव्हे. तो स्वतंत्र प्रकार आहे, व त्याचे दोष त्याच्याच नियमांनी दाखविले पाहिजेत. पूड पडल्यावर तो किती वेळ खदखदला, आले दुधाआधी पडले की मागून, दुधाने चहा झाकला की सावरला, हे त्याचे प्रश्न. ‘आमच्याकडे असाच करतात’ एवढ्याने ते सुटत नाहीत, आणि ‘इंग्लंडात असा करीत नाहीत’ याने तर मुळीच नाही.

मध्यंतरी आत्याबाईंकडे जाण्याचा योग आला. नेहमीप्रमाणे कप पुढे आला आणि नेहमीप्रमाणे त्यांनी विचारले, “कसा झालाय?” या वेळी लू यूचे नाव न काढता आम्ही म्हणालो, “आत्या, आले अगदी बेताचे आहे. पण पूड घातल्यावर पातेले जरा जास्त वेळ राहिले, म्हणून शेवटी घशाशी कडवट लागतो.” त्यांनी आपल्या कपातला घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि म्हणाल्या, “खरे आहे. इतकी वर्षे सगळे छानच म्हणत आले. मग कळायचे कसे?” दुसऱ्या दिवशी सकाळी पातेले वेळीच खाली उतरले. तो चहा खरोखर छान होता, आणि तसे सांगताना त्या शब्दात प्रथमच काही अर्थ आहे असे आम्हांस वाटले.